सिस्टर, जेवल्या का तुम्ही?

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या नणंदेचा फोन दिवसभर वाजत राहायचा. ती नागपुरातल्या एका मोठ्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. फोन करणारे कोण? लांबचा मावसदीर, भंडाऱ्याची शाळेतली मैत्रीण, कधीकाळी तिच्या वॉर्डात भरती असलेला एखादा पेशंट. मागणं सगळ्यांचं एकच, “ताई, एक बेड पाहून दे ना.” ड्यूटीवर असताना फोन लॉकरमध्ये. सहा-सात तासांनी पीपीई किट, म्हणजे अंगभर घालायचा संरक्षक पोशाख, उतरवून ती फोन हातात घ्यायची, तोवर त्यातल्या एखाद्या घरी बेडची गरजच उरलेली नसायची.

एकदा ती मला म्हणाली, “वहिनी, एवढे फोन आले, पण तू जेवली का, असं एकानंही नाही विचारलं.”

तेव्हा मला ती साधी तक्रार वाटली. थकलेलं माणूस बोलतं तसं. पुढे या विषयावर वाचायला लागले तेव्हा कळलं की साथीच्या काळात नर्सला आधार म्हणजे नेमकं काय द्यायचं, याचं बरंचसं उत्तर त्या तक्रारीतच होतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा लेख. कोविडच्या आठवणी काढायला कुणाला हौस नसते, पण साथ ही काही एकदाच येणारी गोष्ट नाही.

ओझं नर्सवरच जास्त का?

डॉक्टर राऊंडला येतात, तपासतात, ऑर्डर लिहितात, पुढच्या वॉर्डात जातात. त्यांचंही ओझं मोठंच. पण दोन राऊंडच्या मधे पेशंटजवळ असते ती सिस्टर (किंवा ब्रदर, त्यांना आपण नेहमी विसरतो). सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, ८८ वरून ८२ वर उतरताना तिला दिसतं. पालथं झोपवायचं, मास्क काढून फेकणाऱ्या आजोबांची समजूत घालायची, दर तासाला नोंद करायची, हे सगळं तिचं. कोविड वॉर्डात नातेवाइकांना प्रवेश नव्हता, म्हणून लेकीचं, बायकोचं, भावाचं कामही तिच्याकडेच आलं. व्हिडिओ कॉल लावून फोन पेशंटच्या तोंडासमोर धरायचा आणि पलीकडून रडण्याचा आवाज आला तरी हात हलू द्यायचा नाही. पेशंट गेला की वॉर्डातल्या मामा-मावशींच्या (वॉर्डबॉय आणि आयांच्या) मदतीनं बॉडी पॅक करायची. मग त्याच बेडवर नवी चादर.

आणि हे सगळं करणारे हात आधीच कमी होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ७९ लाख नर्सेस होत्या आणि आणखी ५९ लाखांची गरज होती. दहातल्या नऊ स्त्रिया. आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचं प्रमाण असं आहे: शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स, साध्या रुग्णालयात पाचांमागे एक, अतिदक्षता विभागात एकास एक. सरकारी दवाखान्यात नातेवाइकासोबत ज्यानं एक रात्र काढली आहे, त्याला हे प्रमाण प्रत्यक्षात कसं असतं ते सांगायची गरज नाही.

गंमत म्हणजे २०२० हे वर्ष जागतिक आरोग्य संघटनेनं आधीच ‘नर्स आणि सुईण वर्ष’ म्हणून ठरवलं होतं. फ्लोरेन्स नाइटिंगेलच्या जन्माला दोनशे वर्षं होत होती. वर्षाचा तिसरा महिना लागला आणि त्याच संघटनेला महासाथ जाहीर करावी लागली.

साथीच्या सुरुवातीलाच चीनमध्ये ३४ रुग्णालयांतल्या १,२५७ आरोग्य कर्मचाऱ्यांची पाहणी झाली. निम्म्या लोकांमध्ये नैराश्याची लक्षणं होती, सुमारे ४५ टक्क्यांमध्ये चिंतेची, ३४ टक्क्यांना झोपेचा त्रास. नर्सेस, स्त्रिया आणि थेट कोविड रुग्ण हाताळणारे यांच्यात त्रास जास्त तीव्र होता. माझ्या नणंदेनं ही पाहणी वाचलेली नाही. ती एवढंच म्हणायची, “झोपच येऊन नाही राहिली.”

‘टेन्शन’ या एका शब्दात काय काय दडतं

आपण सगळ्याला टेन्शन म्हणतो आणि तिथेच घोटाळा होतो, कारण त्रास वेगवेगळे असतात आणि त्यांची औषधंही वेगळी.

पहिला साधा थकवा. तो विश्रांतीनं जातो. सुट्टी मिळाली, दोन रात्री नीट झोप लागली की माणूस परत उभं राहतं.

बर्नआऊट सुट्टीनं जात नाही. कामाचा ताण महिनोन्महिने निचरा न होता साचत गेला की तो होतो. ख्रिस्तिना मास्लॅक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी त्याच्या तीन खुणा सांगितल्या. मन रिकामं होणं, माणसांपासून तुटल्यासारखं वागणं आणि आपल्या हातून काही चांगलं होत नाही असं वाटत राहणं. दुसरी खूण बाहेरच्याला सर्वात लवकर दिसते आणि तिचाच सर्वात जास्त गैरसमज होतो. ‘बारा नंबरचे काका’ याऐवजी ‘बारा नंबर’ एवढंच तोंडात येऊ लागतं. आपण म्हणतो, सिस्टर किती तुसड्या आहेत! असेलही एखादी तुसडी. पण पुष्कळदा ते मनानं स्वतःला वाचवण्यासाठी लावून घेतलेलं दार असतं. जागतिक आरोग्य संघटनेनं बर्नआऊटची नोंद आजार म्हणून केलेली नाही, कामाच्या ठिकाणी घडणारी गोष्ट म्हणून केली आहे. म्हणजे बिघाड शोधायचा तर माणसाइतकाच कामाच्या रचनेतही शोधावा लागतो.

करुणेचा थकवा आणखी निराळा. दुसऱ्याचं दुःख सतत जवळून पाहून स्वतःला दुखावं तसा. काळजी घेणं हाच ज्यांचा पेशा, त्यांच्यात तो विशेष दिसतो.

यापेक्षा मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नैतिक क्लेश. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन या अमेरिकी तत्त्वचिंतकानं नर्सेसबद्दल लिहिताना ही कल्पना मांडली. योग्य काय ते मला कळतंय, करायची तयारीही आहे, पण व्यवस्था मला ते करू देत नाही. यातून जी जखम होते ती.

नागपूरचा तो काळ आठवा. १५ ते २१ मार्च २०२१ शहरात पुन्हा कडक टाळेबंदी झाली, तरी एप्रिलमध्ये जिल्ह्यात एका दिवसात ७,००० हून जास्त नवे रुग्ण सापडू लागले. आपलं शहर म्हणजे मेडिकल आणि मेयो या दोन सरकारी रुग्णालयांच्या भरवशावर असलेला सगळा पूर्व विदर्भ, त्यात मध्य प्रदेश आणि छत्तीसगडहून येणारे. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आली आणि प्राणवायूचे तीन टँकर नागपूरला उतरले, ही तेव्हा आनंदाची बातमी होती. यावरून बाकीचे दिवस कसे होते ते समजा.

अशाच एका रात्री नणंदेच्या वॉर्डात दोन टोकांच्या दोन पेशंटचं सॅच्युरेशन एकाच वेळी पडलं. ड्यूटीवर दोघी होत्या, दुसरी आधीच तिसऱ्या पेशंटला धरून बसली होती. ही जवळच्याकडे धावली. तो माणूस नंतर घरी गेला. त्याचा चेहरा तिला आठवत नाही. ज्यांच्यापर्यंत पोचायला तिला उशीर झाला, त्या आजोबांच्या उशाशी ठेवलेली चष्म्याची डबी मात्र तिला आजही आठवते.

तिची चूक झाली होती का? नाही. तिच्या जागी कुणीही तेच केलं असतं. म्हणूनच “तुझी काही चूक नाही” या वाक्यानं तिला काडीचा आराम पडत नाही. तिला ते माहीत आहे. तिचा प्रश्न वेगळा आहे: तिथे तिसरी नर्स का नव्हती? आता या प्रश्नावर प्राणायामाचं शिबिर घेतलं तर काय होणार? प्राणायाम चांगलाच आहे, पण तो तिसरी नर्स होत नाही.

उरला आघात. एखादं दृश्य मनात अडकून बसतं आणि वेळीअवेळी परत येतं. मॉनिटरसारखा कुठलाही आवाज आला की छाती धडधडते, दचकून जाग येते, त्या वॉर्डाकडचा रस्ताच माणूस टाळतं. हे आठवडे-महिने चाललं तर मात्र तज्ज्ञाची मदत लागते. घरगुती समजावणीचं ते काम नाही.

मनाचा प्रश्न, पण सुरुवात शरीरापासून

मे महिन्यातलं नागपूर ज्यानं पाहिलं नाही त्याला हे सांगून कळणार नाही. बाहेर पारा पंचेचाळीसच्या वर. आत प्लास्टिकसारखं किट, दोन हातमोजे, एन-९५, वरून गॉगल. गॉगलवर वाफ धरायची आणि शीर दिसायची नाही. सगळ्या सारख्याच दिसतात म्हणून पाठीवर मार्करनं नावं लिहायची. एकदा किट चढवलं की मधे लघवीला जाता येत नाही, म्हणून ड्यूटीच्या आधीपासूनच पाणी कमी प्यायचं. पाळीच्या दिवसांत काय होत असेल, ते वाचणाऱ्या बायांना सांगावं लागणार नाही आणि पुरुषांनी घरी विचारावं.

पाण्याची कमतरता, भूक आणि अपुरी झोप यांतलं एकेकटं कारणही माणसाला चिडचिडं आणि विसराळू करायला पुरेसं असतं. इथे तिन्ही एकत्र. झोपेचं तर विशेष. दिवसभरात मनावर जे आदळतं त्याची लावालाव मेंदू बरीचशी झोपेत करतो. आज मॉर्निंग, परवा नाईट असं चक्र फिरत राहिलं की ती लावालाव होतच नाही. विसराळूपणा वाढला की औषधाच्या डोसमध्ये चूक होईल ही भीती वाढते, आणि भीतीनं उरलीसुरली झोपही जाते. नणंद नाईट करून आली की मुलांपासून दूर म्हणून गच्चीवरच्या खोलीत झोपायची. वर पत्रे, खिडकीत कूलर, आणि खाली पाच वर्षांचा मुलगा जिन्याशी उभा राहून हाका मारतोय. ती झोपायची म्हणजे डोळे मिटून पडायची.

टाळ्या आणि कुलूप

२२ मार्च २०२० ला आपण थाळ्या वाजवल्या, ३ मेला देशात अनेक दवाखान्यांवर हवाई दलानं फुलं टाकली. त्याच महिन्यांत देशभरात कित्येक नर्सेसना घरमालक खोली सोडा म्हणत होते. गडचिरोली-गोंदियाहून किंवा थेट केरळहून येऊन इथे भाड्यानं राहणाऱ्या मुलींच्या पोटात तेव्हा काय कालवत असेल? आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांविरुद्ध केंद्रानं २२ एप्रिल २०२० ला अध्यादेश काढला, तीन महिने ते पाच वर्षं शिक्षेची तरतूद केली, गंभीर इजा असेल तर सात वर्षांपर्यंत. हिंसेच्या व्याख्येत त्यांचं राहणं-जगणं अवघड करणारा छळही धरला. सरकारला हे लिहून काढावं लागलं, यातच सगळं आलं.

‘कोविड योद्धा’ हा शब्द मला तेव्हाही खटकायचा. योद्ध्यानं भीती वाटते म्हणायचं नसतं, रजेचा अर्ज करायचा नसतो आणि पगार थकला तर विचारायचं नसतं. कंत्राटी नर्सचं तर आणखी अवघड. मला झोप लागत नाही, असं तिनं इन्चार्जला सांगितलं आणि पुढच्या वेळी कंत्राट वाढवलं नाही तर? म्हणून ती गप्प बसते आणि कागदोपत्री ठणठणीत राहते. पुढे मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिका बाह्यस्रोतातून होणाऱ्या भरतीविरुद्ध संपावर गेल्या. पुष्कळांना तो पैशांचा झगडा वाटला. मला तो मानसिक आरोग्याचाही वाटतो.

आपल्या शहराला मनातली मळमळ बाहेर काढायची रीत चांगली ठाऊक आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते, सोबत बडगे नावाचे पुतळेही निघतात, आणि “रोगराई घेऊन जा गे मारबत” म्हणत सगळं गाव ओरडून घेतं. साथीच्या २०२० सालात नेमकी ती नेहमीची मिरवणूक निघाली नाही. वॉर्डातल्या नर्सेसकडे तर ओरडायला जागाच नव्हती. एका ड्यूटीत चार पेशंट गेले तर हँडओव्हरच्या वहीत चार ओळी लिहायच्या आणि घरी यायचं. आपल्याकडे दुःखाला सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, बसायला येणारी माणसं असतात. नर्सचा पेशंट गेला तर तिच्याकडे बसायला कोण येतं?

मग मदत कशी करायची?

चीनमधल्या चांगशा शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयाची गोष्ट मला फार बोलकी वाटते. २०२० च्या सुरुवातीला त्यांनी कर्मचाऱ्यांसाठी मानसिक मदतीची जय्यत तयारी केली: ऑनलाइन वर्ग, हेल्पलाइन, गटात करायचे उपक्रम. पण कर्मचारी फिरकेनातच. चिडलेल्या, थकलेल्या नर्सेसही म्हणायच्या, आम्हाला काही झालेलं नाही. तेव्हा तिथल्या लोकांनी शहाणपणा केला आणि तीस जणांना बसून विचारलं, तुम्हाला हवंय काय? उत्तर आलं, मानसशास्त्रज्ञ नको, विश्रांती द्या आणि पुरेशी संरक्षक साधनं द्या. घरच्यांची काळजी वाटते आणि न ऐकणाऱ्या पेशंटशी कसं वागायचं ते कळत नाही, हेही सांगितलं.

मग रुग्णालयानं बेत बदलला. घरच्यांपासून वेगळं राहून आराम करता येईल अशी जागा दिली. जेवणाखाण्याची, रोजच्या वस्तूंची सोय केली. नर्सेसच्या दिनक्रमाचे व्हिडिओ काढून घरी पाठवता येतील असं पाहिलं. घाबरलेल्या रुग्णाशी कसं बोलायचं ते शिकवलं, आणि दांडगाई करणाऱ्यांसाठी सुरक्षारक्षक नेमले. समुपदेशक त्या विश्रांतीच्या जागी जाऊन नुसते बसू लागले. आता लोक त्यांच्याशी बोलू लागले.

म्हणजे क्रम लक्षात घ्या. आधी जेवण, पाणी, झोप, साधनं. मग बोलायला माणूस.

आणखी एक गोष्ट उलटी वाटेल. मोठा प्रसंग घडल्यावर सगळ्यांना ताबडतोब एकत्र बसवून “काय झालं ते सगळं बोलून मोकळे व्हा” अशी सक्ती केली, तर फायदा होत नाही, काहींना त्रासच होतो. म्हणून जागतिक आरोग्य संघटना त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवते. त्याची तीन पावलं: पाहा, ऐका, जोडून द्या. कोण कोपऱ्यात गप्प आहे ते पाहायचं. बोलेल तेवढंच ऐकायचं, खोदून विचारायचं नाही. आणि तिला ज्याची गरज आहे तिथवर पोचवायचं, मग ते घर असो, रजा असो किंवा डॉक्टर. याला पदवी लागत नाही. वॉर्डाची इन्चार्ज सिस्टर, म्हणजे सरकारी भाषेत परिसेविका, हे सर्वात चांगलं करू शकते, कारण कुणाचा आवाज कालपासून बदललाय हे तिलाच कळतं. फक्त तिला त्यासाठी वेळ हवा. तिच्याच अंगावर तीन रजिस्टरं आणि दोन वॉर्ड टाकले तर ती कुणाकडे पाहणार?

बाकीचं काम ड्यूटी चार्ट करतो. चार्ट आठवडाभर आधी कळला तरी अर्धा जीव हलका होतो. कोविड वॉर्डात सतत त्याच मुली नकोत. नवीन मुलीसोबत जुनी हवी. दोघींची जोडी ठरवून दिली, की किट नीट चढलं का हे एकमेकींनी पाहायचं आणि बाहेर आल्यावर एकमेकींना पाणीही आठवणीनं पाजायचं. साधनं कमी असतील तर तसं स्पष्ट सांगावं. नर्सेस वाईट बातमी पचवतात, लपवाछपवी नाही.

समुपदेशक आणि मनोविकारतज्ज्ञही लागतातच. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडाली, तीच दृश्यं परत येऊ लागली, रडू थांबेना किंवा काहीच वाटेनासं झालं, झोपेसाठी गोळ्यांचा किंवा दारूचा आधार लागला, तर थांबू नये. जगणं नकोसं वाटत असेल तर एक दिवसही थांबू नये. टेली-मानस ही सरकारी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत मिळते, मराठीतही बोलता येतं. अडचण वेगळीच आहे. ज्या शहरात मनोरुग्णालयाजवळच्या चौकाला लोक अजून पागलखाना चौक म्हणतात, तिथे दुसऱ्याला बिनदिक्कत तज्ज्ञाकडे पाठवणारी नर्ससुद्धा स्वतः जाताना तोंडाला स्कार्फ बांधते.

हे सगळं लाट ओसरल्यावर संपतं, असंही नाही. २००३ च्या सार्स साथीनंतर एक ते दोन वर्षांनी टोरांटोतल्या ज्या रुग्णालयांनी सार्सचे रुग्ण पाहिले होते, तिथल्या कर्मचाऱ्यांमध्ये बर्नआऊट आणि मानसिक त्रास इतरांपेक्षा जास्त आढळला. धावपळीत मन बाजूला ठेवलेलं असतं, ते फुरसत मिळाल्यावर हिशेब मागतं. कोविडची जागतिक आणीबाणी ५ मे २०२३ ला संपल्याचं जाहीर झालं. वॉर्डातल्या काहींसाठी खरा त्रास त्याच सुमारास सुरू झाला असेल.

नणंद आता इन्चार्ज आहे. महिन्याच्या शेवटी ती आमच्याकडे आली तर डायनिंग टेबलवर ड्यूटी चार्ट पसरून बसते. चार्ट पेन्सिलनं करते, कारण कुणाचं तरी मूल आजारी पडणारच. परवा एका नवीन मुलीच्या नावापुढे तिनं चार नाईट लिहिल्या होत्या. मग काहीतरी आठवून मला म्हणाली, “वहिनी, खोडरबर आहे का? हिच्या हातून काल पहिलाच पेशंट गेला.” चौथी नाईट खोडली, तिथे ऑफ लिहिला आणि ती नाईट आता कुणाला द्यायची, यावर पुढचा अर्धा तास डोकं धरून बसली.